मांजराचा अर्जंट नमुना

भाऊराव वैरागड्यांनी एकदा नापास म्हटलेली वस्तू पुन्हा पास झाली, असं जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात कोणी ऐकलं नव्हतं. बाहेरून येणारं ग्रीस, रंग, वार्निश, तेल, सगळं आधी यांच्या हाताखालून जायचं. आलेल्या मालातून थोडा काढायचा, पत्र्याच्या गोल डबीत भरायचा, दोरी बांधायची, लाखेवर आपला पितळी शिक्का उमटवायचा, वर चिठ्ठी लटकवायची आणि डबी प्रयोगशाळेत धाडायची, हे यांचं काम. हाताखालच्या कोणी चिठ्ठीतला एक रकाना कोरा ठेवला तरी हे डबी तोंडावर परत करत. घरीही तोच खाक्या. बायकोनं, हेमलताबाईंनी, सराफ्यातून हौसेनं आणलेल्या बांगड्या यांनी भिंगातून पाहून परत पाठवल्या होत्या. ते त्या माउलीनं अजून मनातून काढलं नव्हतं, आणि काहून काढावं?

पासष्ट सालची गोष्ट. लढाईचे दिवस. चेरीताल मोहल्ल्यातल्या घराघरांत खिडक्यांना काळे कागद डकवलेले, कारखान्याचा भोंगा वेळी-अवेळी ओरडून राहिलेला, आणि ओव्हरटाइम असा की माणसं घरी फक्त आंघोळीला यायची. सोमवारी संध्याकाळी देशासाठी चूल बंद. अशा त्या तंगीच्या दिवसांत वैरागड्यांच्या घरात एकाच प्राण्याचं पोट वाढत होतं, आणि तो प्राणी म्हणजे अनसूयाताईचं मांजराचं पिल्लू.

अनसूयाताई भाऊरावांची थोरली बहीण. नवरा गेला आणि हिंगणघाटच्या सासरला ती जड झाली. दीर-जावा तोंडानं काही बोलले नाहीत, फक्त तिचं ताट रोज थोडं उशिरा वाढू लागले. भाऊरावांच्या कानावर आलं तेव्हा ते रजा टाकून गेले, एका शब्दानं भांडले नाहीत आणि ताईला तिच्या पत्र्याच्या ट्रंकेसकट घेऊन आले. ती ट्रंक खाटेखाली गेली. हेमलताबाईंनी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तो रिकामाच राहिला. ताई ट्रंकेतून लुगडं काढायची, धुवायची, वाळवायची, घडी करून परत ट्रंकेत ठेवायची आणि वर कुलूप लावायची, जशी काही उद्याचीच गाडी आहे. बोलणं जेवढ्यास तेवढं. काम मात्र इतकं की हेमलताबाईंना आपल्याच स्वयंपाकघरात परवानगी मागावी लागे. भाड्यानं राहणारं माणूस भाडं चुकवतं तशी ती भांडी घासायची. भाऊरावांना हे दिसत होतं आणि आत कुठेतरी लागतही होतं, पण बोलायचं काय आणि कसं, ते या माणसाला जमतच नव्हतं.

मग लाकडांच्या ढिगामागे ते पिल्लू सापडलं. राखाडी रंगाचं, एका कानाला चीर गेलेलं, आईनं सोडून दिलेलं. ताईनं ते पदरात घेतलं आणि त्या दिवसापासून ताईचा आवाज घरात ऐकू येऊ लागला. भाऊराव दाढी करत असले की मागच्या अंगणातून तो यायचा. तुला काहून झोप येऊन नाही राहिली रे. माशी पकडतो काय, हिंगणघाटला आमच्या गोठ्यात असती तुझी मजा. एवढं लांबलचक ताई माणसांशी बोलली असेल तर कधी, ते कोणाला आठवत नव्हतं. भाऊरावांचा वस्तरा गालावर थांबायचा आणि साबण वाळून जायचा. पिल्लाला तिनं नाव मात्र ठेवलं नव्हतं.

दिवाळी जवळ आली तसं पिल्लू बिघडलं. पाय काड्यांसारखे, पाठीचा कणा हाताला लागायचा, आणि पोट मात्र फुगलेल्या पुरीसारखं टम्म. घरात आणि शेजारात ज्याला त्याला कारण ठाऊक. हेमलताबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, आणि त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारच्या शकुबाईंनी पोटावरून हात फिरवून जाहीर केलं की दिवस गेले आहेत, आणि तुम्हांला हौस असेल तर मी हिरव्या बांगड्यांचं बघते. ते पिल्लू अजून दुधाच्या वाटीत पडत होतं, पण शकुबाईंचा अंदाज आजवर गल्लीत चुकला नव्हता आणि मांजरापायी तो चुकवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. भाऊरावांचं निदान सरळ होतं. खाऊन माजलं आहे.

पण ते खाईनासं झालं. रविवारी ओव्हरटाइम करून भाऊराव घरी आले, तर ते त्यांच्या आरामखुर्चीवर निपचित पडलेलं, आणि खुर्चीच्या कापडावर ओकारी. ते आधीच वैतागलेले. त्या दिवशी त्यांनी वार्निशाची पिंपंच्या पिंपं परत पाठवली होती आणि ठेकेदाराशी भांडून घसा कोरडा केला होता. त्याच आवाजात ते म्हणाले की खराब माल घरात ठेवायचा नाही, हे मांजर उद्या महाराजपूरच्या पलीकडे सोडून यायचं.

ताई पिल्लू उचलून वळली. आत गेली. खाटेखालून ट्रंक ओढल्याचा खरखर आवाज आला. ती दारात येऊन उभी राहिली, पिल्लू पदरात, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बरं भाऊ. मग आम्ही दोघंही जाऊ. मी तरी काय, तशीच आली न तुझ्या दारात."

आता काय सांगावं. हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडे अशा बघत होत्या की ते बघणं बांगड्यांच्या वेळीही नव्हतं. हा माणूस सरळ 'चुकलो' म्हणू शकला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण ते त्यांच्या जिभेला वळण नव्हतं. ते खाकरले, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाले की तपासणीशिवाय माल नापास करायचा कायदा कोणत्या कारखान्यात आहे, आधी तपासणी होईल, मग बघू. ताई तिथेच उभी राहिली. ट्रंक परत खाटेखाली गेली नाही, भिंतीशी बाहेरच राहिली, आणि येता-जाता भाऊरावांच्या पायाला लागू लागली.

दुसऱ्या दिवशी उशिराची पाळी होती. सकाळीच पिशवीत पिल्लू घालून ते जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे म्हशी, टांग्याचे घोडे आणि एक रागावलेला बोकड यांच्या रांगेत भाऊराव पिशवी पोटाशी धरून बसले. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं पोट दाबलं, डोळ्यांच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि सांगितलं की एकतर जंत आहेत, नाहीतर पोटात पाणी झालं आहे. पाणी असेल तर फारसं काही करता येत नाही. जंत असतील तर औषध आहे, पण ते कडक. जीव इतका अशक्त आहे की उगाच अंदाजानं दिलं तर त्यानंच मरेल. तेव्हा ताजी शी डबीत घालून आणा, ती पाहिल्याशिवाय मी औषध देणार नाही, आणि उशीर करू नका, हे फार दिवस काढणार नाही.

अंदाजानं काही करायचं नाही, हे ऐकून भाऊरावांना तो डॉक्टर एकदम आवडला.

पण ज्या पोटात काही जात नाही त्यातून बाहेर तरी काय येणार? मंगळवारी पहाटे, ज्यांच्यासमोर ठेकेदार चळचळा कापत ते भाऊराव वैरागडे चहाचा चमचा हातात घेऊन एका मांजराच्या मागे अंगणभर उकिडवे चालत होते. मांजरानं त्यांच्याकडे दोनदा असं पाहिलं की त्यांनी आपणहून तोंड फिरवलं. ताई पायरीवर बसली होती. ती हसली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ तसाच ठेवला. शेवटी तुळशीमागे काम झालं.

एकदा माल हातात आल्यावर भाऊरावांचे हात आपोआप चालू लागले. पत्र्याची गोल डबी घरात होतीच. त्यांनी झाकण लावलं, दोरीची दुहेरी गाठ मारली, चिमणीवर लाख वितळवली आणि किल्ल्यांच्या जुडग्यातला पितळी शिक्का काढून तिच्यावर दाबला. चिठ्ठी लटकवली. तारीख लिहिली, सही केली, डॉक्टर ताजी म्हणाला होता म्हणून वर ठळक अक्षरांत 'अर्जंट' लिहिलं. मग मालाचं नाव लिहायच्या रकान्याशी पेन अडलं. सरकारी चिठ्ठीवर तो शब्द लिहायचा कसा? भाऊरावांनी आयुष्यात पहिल्यांदा एक रकाना कोरा सोडला आणि डबी जेवणाच्या पिशवीत टाकली. दवाखाना उघडायच्या आधी यांची पाळी सुरू होत होती. बेत असा की दुपारच्या सुट्टीत पास काढून सायकलीनं दवाखान्यात जायचं.

लढाई नसती तर हा बेत पार पडला असता. पण त्या दिवसांत गेटवर प्रत्येकाची पिशवी उघडून पाहत. रीव्याकडचा तिवारी नावाचा दरबान होता, इमानी माणूस. त्यानं पिशवीत हात घातला, पोळीभाजीचा डबा बाजूला केला आणि शिक्कामोर्तब झालेली डबी वर काढली. शिक्का ओळखीचा, सही ओळखीची, वर अर्जंट. त्यानं भाऊरावांना सलाम ठोकला आणि साहेब, नमुना असा जेवणाच्या पिशवीत नेऊ नये, हुकूम नाही, असं आदबीनं सांगून डबी प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या तबकात ग्रीसच्या डब्यांशेजारी ठेवून दिली.

भाऊरावांच्या मागे त्यांचा सगळा विभाग दाटीवाटीनं उभा होता. भोंगा वाजत होता. यातल्या कोणाकोणाला त्यांनी कोऱ्या रकान्यावरून चारचौघांत सोललं होतं, ते सगळे कान देऊन होते. डबीत काय आहे ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटलं. मनाशी म्हणाले, पाळी लागली की तबकातून हळूच उचलू. पण आत शिरतात न शिरतात तोच रंगाची गाडी आली, तिच्यात अडकले, आणि येऊन पाहतात तर तबक गेलेलं. प्रयोगशाळेच्या दाराशी बंदूकवाला शिपाई. लेखी परवान्याशिवाय चिमणीही आत सोडत नव्हते.

आत काय झालं ते नंतर सगळ्या जबलपूरला कळलं. प्रयोगशाळेचे मुख्य शरच्चंद्र घाटोळे, हेही आपल्याच नागपूरकडचे, पण भाऊरावांनी एकदा त्यांचा अहवाल तारीख नाही म्हणून परत पाठवला होता आणि तेव्हापासून दोघं गणपतीच्या आरतीलाही दोन टोकांना उभे राहत. अर्जंट पाहून घाटोळ्यांनी ती डबी सगळ्यांत आधी घेतली. ग्रीसच्या तबकात आली म्हणजे ग्रीसच. ग्रीसची तपासणी तापवून करतात. त्यांनी ती तापवली. मग प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या, काळ्या कागदांसकट, उघडल्या गेल्या आणि माणसं नाक धरून व्हरांड्यात आली. घाटोळे मात्र जिद्दीचे. उरलेला माल त्यांनी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, बराच वेळ पाहिला, आणि तडक मोठ्या साहेबांकडे गेले. ग्रीसमध्ये कोणीतरी घाण मिसळून राहिलं आहे, असा त्यांचा निरोप. लढाईच्या दिवसांत असा निरोप म्हणजे काय विचारता. ग्रीस वापरणं थांबलं, ग्रीस घेऊन आलेल्या गाड्या फाटकात थांबल्या, आणि वैरागड्यांना बोलावणं गेलं.

साहेबांच्या टेबलावर, कागदावर, ती डबी होती. घाटोळे नाकाला रुमाल लावून एका बाजूला उभे. साहेब पंजाबी, आडदांड, पण भाऊरावांना मानणारा. त्यानं सील तुमचंच ना, असं विचारलं आणि उत्तराआधी स्वतःच वाट काढून दिली. "किसी ने चुराई होगी, वैरागडे. तुम ऐसा काम नहीं करोगे. बोलो तो गेट के सब दरबानों को अभी लाइन में खड़ा करता हूँ."

मान हलवायची होती, बस. एवढ्या वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं. तिवारीचं मात्र वाटोळं झालं असतं. डबी उकिरड्यावर गेली असती, त्या अशक्त पोटातून दुसरी मिळेपर्यंत पिल्लू टिकलं नसतं, आणि भाऊरावांना घरातली ती भिंत दिसली, आणि भिंतीशी टेकलेली ट्रंक.

"सील मेरी है साहब," ते म्हणाले. "माल भी मेरा है. मतलब, मेरा नहीं. बिल्ली के बच्चे का है. टट्टी है, साहब."

साहेबांचा हात टेबलावर डबीजवळ होता, तो त्यांनी सावकाश मागे घेतला आणि विजारीला पुसला. दाराबाहेरच्या चपराशाला खोकल्याची उबळ आली. आणि भाऊरावांना, खरं सांगायचं तर, आता कशाचीच लाज उरली नाही. ते घाटोळ्यांकडे वळले आणि आरतीला न बोललेलं इतक्या दिवसांचं एकदम बोलले.

"घाटोळे, ते सगळं जाऊ द्या. मला काय शिव्या द्यायच्या त्या मागून द्या. त्यात निघालं काय, तेवढं सांगा."

घाटोळ्यांनी रुमाल खाली घेतला. ही जन्माची संधी होती, आणि त्यांच्या मनात बरंच काही येऊन गेलं असणार. पण समोरच्याचा चेहरा पाहून ते मऊ पडले. "जंताची अंडी," ते म्हणाले. "गोल जंत. काचेवर मुठीनं पेरल्यासारखी. माझ्या धाकट्याच्या पोटातही हेच निघाले होते मागच्या साली, बरा झाला."

"पाणी नाही न?"

"पाणी कायचं. जंतच आहेत हो, भाऊराव."

भाऊरावांचे डोळे भरून आले. साहेब घाबरला. ठपका ठेवायच्या आधीच माणूस रडू लागलेला त्यानं पाहिला नव्हता. काय झालं, असं त्यानं विचारलं, तर भाऊराव नाक पुसत म्हणाले की रिपोर्ट चांगला आला आहे साहेब.

ठपका बसला, तो बसलाच. ग्रीसच्या गाड्या सोडायच्या तर साहेबांना कागद हवा होता, म्हणून घाटोळ्यांनी तिथल्या तिथे अहवाल लिहिला. मालात जंतांची अंडी विपुल, वंगणास अयोग्य, नापास. आणि खाली, अक्षर जरा जास्तच वळणदार करून, शेरा मारला की चिठ्ठीत मालाचं नाव नाही, रकाना कोरा, पुढच्या वेळी असं चालणार नाही. त्याची एक प्रत त्यांनी न मागता भाऊरावांच्या हातात दिली. भाऊरावांनी शेरा वाचला, मान डोलावली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

जनावरांच्या डॉक्टरनं तो कागद उलटसुलट करून पाहिला. तोफांच्या कारखान्याचा शिक्का असलेला मांजराचा अहवाल त्याच्या हाती पहिल्यांदाच येत होता. पण अंड्यांचं वर्णन चोख होतं. त्यानं औषध मोजून पुडीत बांधलं.

औषध पाजायला भाऊरावांनी पिल्लू धरलं आणि ताईनं चमचा. पिल्लानं उरलंसुरलं बळ भाऊरावांच्या मनगटावर खर्च केलं. त्यांनी पकड सोडली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तुळशीमागे जे पडलं ते पाहून हेमलताबाईंनी सांगून टाकलं की या दिवाळीला शेवयांची खीर होणार नाही, पुढच्याही नाही. त्यावर ताई हसली. आधी नाकातून, मग पायरीला धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शकुबाई भिंतीवरून डोकावून विचारू लागल्या की बाळंतपण आटोपलं काय, तेव्हा तर ती तिथेच बसली. भाऊराव दाढी करत होते. पुन्हा साबण वाळला.

कारखान्यात ते प्रकरण काही मिटलं नाही. विभागातली पोरं माना खाली घालून हसायची. तिवारी रोज गेटवर पिशवी उघडताना आधी विचारायचा की साहेब, आज बिल्लीचं काही आहे काय, आणि भाऊराव रोज नाही म्हणायचे. कोऱ्या रकान्याची डबी आली तर ते आता ती परत करत नसत, त्या माणसाला जवळ बोलावून स्वतः पेन देत.

आठवडाभरानं ते पाळीवरून घरी आले, तर भिंतीशी ट्रंक नव्हती. पायातले जोडे तसेच ठेवून ते आत गेले. खोलीत कोणी नव्हतं. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतला तो कप्पा भरलेला होता, ताईच्या लुगड्यांच्या घड्यांनी, कडेला तिची पोथी आणि चष्म्याची डबी. ट्रंक मागच्या व्हरांड्यात उन्हाला ठेवली होती. झाकण उघडं, आत जुनी गोधडी, आणि गोधडीवर ते पिल्लू पोट वर करून झोपलेलं. पोट आता पोटासारखं होतं. ताई शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

भाऊरावांनी वाकून ट्रंकेचं झाकण हलवून पाहिलं, कडी तपासली, आणि सवयीनं म्हणाले की हे बरोबर नाही, वाऱ्यानं झाकण पडलं तर कडी लागेल आणि जीव आत गुदमरेल. पेचकस आणून ते खाली बसले. कडी खोलली, बिजागऱ्या खोलल्या, झाकण उचलून भिंतीला लावून ठेवलं. कडीला अडकवलेलं ते हिंगणघाटचं कुलूप त्यांच्या हातात राहिलं.

"ताई, याचं काय करू?"

ताईनं तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. वर न बघता ती म्हणाली, "भंगारात दे. आता कायले लागते ते."